हात बदलणारं मशीन

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमच्या घरात ‘मशीन’ म्हटलं की एकच मशीन. पंखा, मिक्सर, पाण्याची मोटर ही सगळी यंत्रंच, पण त्यांना त्यांच्या नावानं हाक मारायची. ‘मशीनला तेल घाल’, ‘मशीनवर पुस्तकं ठेवू नको’ म्हटलं की ते शिवणयंत्र, हे लहान पोरालाही कळायचं. बरं, हे आमच्या सोलापुरापुरतं नाही. जपानी भाषेत शिवणयंत्राला ‘मिशिन’ म्हणतात. इंग्रजीतला तोच शब्द तिकडे गेला आणि त्याचे बाकीचे अर्थ गळून एवढाच उरला. शब्दांवर पोट नसलं तरी शब्दांत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला याची मोठी गंमत वाटते. जगातल्या इतक्या यंत्रांत दोन दूरदूरच्या मुलखांतल्या लोकांना हेच एक ‘यंत्र’ वाटावं!

या यंत्राचा शोध कुणी लावला, ते पुष्कळांनी लिहून ठेवलंय. मला आज बोलायचंय ते जुन्या मशीनबद्दल. एकानं वापरलेलं, त्याच्या कामातून गेलेलं आणि मग दुसऱ्याच्या घरी रांकेला लागलेलं मशीन. तेही शिलाईच्या कारखान्यातलं, विजेवर चालणारं, टेबलासकट येणारं. आमच्या बाजूला त्याला सरसकट ‘जुकी’ म्हणतात, मग त्यावर नाव कुठलंही असो. माझ्या ओळखीत शिलाईवर पोट भरणारी जी माणसं आहेत, त्यांतल्या बहुतेकांचं पहिलं कारखानी मशीन जुनं होतं. म्हणजे आपल्याकडचा या धंद्याचा खरा इतिहास जुन्या मशीनचा आहे, आणि तोच कुणी सांगत नाही.

आता मागे जाऊ. थेट १८५६ साली, अमेरिकेत.

आयझॅक सिंगरनं आपल्या शिवणयंत्राचं पेटंट १८५१ साली घेतलं. त्याआधी १८४६ मध्ये इलायस होवनं घेतलं होतं. त्या दोघांचं कोर्टात बरंच वाजलं आणि १८५६ मध्ये पेटंटवाल्या कंपन्यांनी एकत्र येऊन तडजोड केली. पण त्याच वर्षी दुसरीही एक गोष्ट घडली. सिंगरचा भागीदार होता एडवर्ड क्लार्क नावाचा वकील. मशीनची किंमत तेव्हा शंभर डॉलरच्या वर. सामान्य कुटुंबाच्या वर्षाच्या कमाईतला मोठा लचका. क्लार्कनं दोन युक्त्या काढल्या. एक म्हणजे हप्ता: थोडे पैसे आज द्या, मशीन घेऊन जा, बाकीचे महिन्याच्या महिन्याला. दुसरी युक्ती त्याहून खोल. जुनं मशीन आणून द्या, कुठल्याही कंपनीचं असो, नव्यावर ५० डॉलर सूट घ्या. लोकांनी जुनी मशीनं आणून दिली. त्यांचं कंपनीनं काय केलं? फोडून टाकली.

का फोडली? जुनं मशीन बाजारात फिरत राहिलं, तर गरीब गिऱ्हाईक नव्याकडे फिरकणारच नाही, म्हणून. जगातल्या पहिल्या मोठ्या शिवणयंत्र कंपनीनं आपला एक शत्रू फार लवकर ओळखला होता, आणि तो म्हणजे स्वतःचंच जुनं मशीन. लोखंडाचं यंत्र, तेलपाणी केलं तर तीन पिढ्या मरत नाही. विकणाऱ्याच्या दृष्टीनं हा त्याचा मोठाच अवगुण.

आपल्याकडे कुणी फोडलं नाही. एकोणिसावं शतक संपता संपता सिंगर इथं चांगली रुळली. मुंबईचे पारशी गृहस्थ नसरवानजी मेरवानजी पटेल हे हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोन या सगळ्या मुलखासाठी सिंगरचे मुख्य प्रतिनिधी होते. हप्त्याची पद्धत इथंही आली. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या प्रचंड कारखान्यात मशीन ओतलं जायचं आणि आपल्याकडे कुणा शिंप्याच्या ओट्यावर येऊन बसायचं. गंमत पाहा, गिरणीचं धोटं कामगाराच्या मालकीचं कधीच झालं नाही, पण हे यंत्र कारागिराच्या मालकीचं झालं. सुई-दोरा जसा शिंप्याचा, तसंच मशीनही शिंप्याचं. नामदेवांच्या जातीतल्या घरात गेलं, दर्ज्याच्या घरात गेलं, विधवेच्या घरात गेलं. पुढं मुलीच्या लग्नातल्या सामानात जाऊन बसलं.

गांधीजींनाही हे मशीन मोहात पाडून गेलं. १९२४ साली एका विद्यार्थ्यानं त्यांना विचारलं की, तुम्ही सगळ्याच यंत्रांच्या विरुद्ध आहात का. त्यावर त्यांनी सिंगरच्या मशीनला अपवाद केलं. हे मशीन प्रेमातून जन्मलं, बायकोचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगरला ते सुचलं, असा त्यांचा समज होता. आता सिंगरचं चरित्र पाहिलं तर त्या प्रेमाचा हिशेब जरा अवघड होतो. वेगवेगळ्या बायकांपासून त्याला वीसाहून जास्त मुलं होती, त्यामुळं कोणत्या बायकोचे कष्ट, हा प्रश्नच पडतो. पण त्या संवादातला पुढचा प्रश्न फार चांगला होता. विद्यार्थी म्हणाला, मशीन हवं तर ते बनवायला कारखाना लागेल, त्यात यंत्रं लागतील, मग? गांधीजी म्हणाले, लागतीलच, पण असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे असावेत. म्हणजे मशीन घरात आणि मशीनचा कारखाना सरकारात. त्यांच्या मनात जे होतं ते घरगुती मशीन होतं, हातानं किंवा पायानं चालणारं. १९३०च्या दशकात कलकत्त्याला ‘उषा’ बनू लागलं आणि तेच मशीन देशी झालं. लुधियान्यानं तर घरोघरच्या काळ्या मशीनचे ढीगच्या ढीग बनवले.

पण त्याच मशीनचा एक सख्खा भाऊ होता, आणि तो कारखान्यात वाढला. खरं तर तोच थोरला. १८३० साली बार्थेलेमी तिमोनिए नावाच्या फ्रेंच शिंप्यानं आपल्या मशीनचं पेटंट घेतलं आणि पॅरिसमध्ये अशी ८० मशीनं एका छपराखाली बसवली. काम काय? फौजेचे गणवेश. पुढच्याच वर्षी शहरातले शिंपी चालून गेले आणि त्यांनी ती मोडून टाकली. त्या शिंप्यांना अडाणी म्हणायची पद्धत आहे. मला तसं म्हणवत नाही. आठ तास सुई मारून जे मिळत होतं ते एका लोखंडी हातानं ओढून नेलेलं त्यांना स्वच्छ दिसत होतं. आणि ती मशीनं त्यांच्या मालकीची नव्हती. एका मालकाची होती. मला वाटतं, सगळा फरक तिथं आहे.

मग हे कारखान्यातलं मशीन कामगाराच्या घरी आलं कसं? याचं उत्तर शिलाईच्या आधी विणकामात सापडतं. आमच्या भागातल्या लोकांना ते सांगायला नको. १८५७ नंतर उत्तरेतून उठलेले मोमीन विणकर मालेगाव-भिवंडीकडे आले ते हातमाग घेऊन. १९३०च्या दशकात मुंबईच्या गिरण्या जुने झालेले माग काढू लागल्या. लँकेशायरमध्ये ओतलेले ते माग भंगारात जाण्याऐवजी या विणकरांनी उचलले आणि घरात बसवले. भिवंडी आणि मालेगाव अशा टाकलेल्या मागांवर उभी राहिली. पुढं १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा संप सुरू झाला, गिरण्या बसल्या, आणि कापड विणण्याचं काम आणखी मोठ्या प्रमाणावर अशा छोट्या छपरांखाली सरकलं. सोलापूरकरांनीही हे पाहिलं आहे. १८७०च्या दशकात उभी राहिलेली आमची ‘जुनी मिल’ १९६०च्या दशकात बंद पडली, लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात. मोठा भोंगा थांबला आणि पूर्व भागातल्या गल्ल्यागल्ल्यांत मागांची खटखट चालूच राहिली.

जुना माग घेतलेल्या माणसाची स्थिती मोठी विचित्र. तो मालकही झाला आणि मजूरही राहिला. माग त्याचा, वीजबिल त्याचं, मोडतोड त्याची. सूत मात्र व्यापाऱ्याचं आणि भावही व्यापाऱ्याचाच. मंदी आली की गिरणीमालकाला कामगार काढायला निदान नोटीस तरी द्यावी लागायची. इथं सूत येणं थांबलं की झालं. शिलाईच्या जुन्या मशीनची गोष्ट हीच आहे, फक्त चाळीस-पन्नास वर्षं उशिरा घडलेली.

इथं जुकीचं थोडं सांगितलं पाहिजे. हे नाव जपानचं, आणि त्याचा अर्थच ‘जड यंत्र’ असा. १९३८ साली टोकियोच्या शेकडो यंत्रकारखानदारांनी मिळून ही संस्था काढली ती लष्करासाठी. युद्ध हरल्यावर बंदुका कुणाला बनवायच्या? १९४७ मध्ये त्यांनी घरगुती शिवणयंत्र काढलं आणि १९५३ पासून कारखान्याचं. गणवेश शिवणाऱ्या तिमोनिएपासून बंदुकवाल्या जुकीपर्यंत हे यंत्र सारखं फौजेच्या आसपास घोटाळलेलं दिसतं. असो. या मशीनची जात वेगळी. पायमशीन कितीही जोरात मारा, मिनिटाला हजाराच्या आसपास टाके. जुकीचं ८७०० नावाचं जे मॉडेल जगभर पसरलं, ते मिनिटाला साडेपाच हजारांपर्यंत टाके घालू शकतं. खाली तेलाची ट्रे, त्यातून पंपानं तेल वर चढतं आणि आपोआप सगळ्या सांध्यांना मिळतं. पण ते सरळ टाका एवढंच काम करतं. कडा गुंफायला ओव्हरलॉक वेगळं, काज पाडायला वेगळं, बटण लावायला वेगळं. घरचं मशीन म्हणजे सगळं थोडंथोडं येणारी आजी. हे एकच काम येणारा, पण त्यात हात न धरू देणारा कामगार.

आपल्याकडे तयार कपड्यांचा धंदा बराच काळ लघुउद्योगांसाठी राखीव होता. मोठा कारखाना काढायचाच नाही, असा नियम. मग पंधरा मशीन या गाळ्यात, पंधरा त्या गाळ्यात, आणि जास्तीचं काम बाहेर वाटलेलं. नोव्हेंबर २००० च्या वस्त्रोद्योग धोरणानं हे आरक्षण उठवायचं ठरलं. १ जानेवारी २००५ ला जगाच्या कापडव्यापारातले कोटे संपले, जे १९७४ पासून चालत आले होते. मोठे कारखाने उभे राहू लागले, नवी मशीनं आली. २००४ च्या व्यापार धोरणानं परदेशातली जुनी यंत्रसामग्री आणायला वयाची अटही ठेवली नाही. ज्यांनी नवी घेतली त्यांची जुनी बाहेर पडली. जे टिकले नाहीत त्यांची सगळीच बाहेर पडली. २००८ च्या मंदीत पडली, २०१६ च्या नोटाबंदीत पडली, २०२० च्या टाळेबंदीनंतर तर विचारूच नका. जुन्या मशीनच्या गोदामात गेलात आणि माल एकदम वाढलेला, भाव उतरलेला दिसला, तर समजावं की कुठंतरी दिवे मालवले आहेत. स्वस्ताई तिथून येते.

टाळेबंदीनंतरच्या वर्षी आमच्या शेजारच्या घरातली सून माझ्याकडे आली. “चाचा, तुम्ही बाजारात ओळखता ना कुणाला? मला जुकी घ्यायचीय.” सासू विड्या वळते, ही पण वळत होती. सोलापुरात हजारो बायका वळतात. ही घरच्या पायमशीनवर ब्लाउज शिवायला शिकली होती, आणि आमच्या गावात शाळेच्या गणवेशांचं काम मोठं आहे. ठेकेदारानं तिला साफ सांगितलं होतं की पायमशीन असेल तर काम देत नाही. टाका सारखा येत नाही आणि वेळेत होत नाही. विधवांना, गरजूंना मशीनवाटप होतं, फोटो छापून येतात, त्यात बहुधा पायमशीनच असतं. त्यावर घरचं शिवता येतं, शेजारणीचं शिवता येतं. बाजाराचं काम मिळायला मात्र कारखान्याचं लागतं. ही दरी त्या फोटोत दिसत नाही.

माझ्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत, वयानं माझ्याहून थोरले. त्यांना बरोबर घेतलं. नवं मशीन तिच्या आवाक्यात नव्हतं. जुन्याची किंमत गोदामवाल्यानं सांगितली साडेअकरा हजार, टेबल-मोटरसकट. मशीन पुसून, रंग मारून लखलखीत केलेलं. ती हरखून पाहत राहिली. मिस्त्रींनी वरून पाहिलंच नाही. त्यांनी मशीन बिजागरीवर मागे कलंडवलं आणि पोट पाहिलं.

त्यांनी दोन तासांत जे दाखवलं, ते कुणाला उपयोगी पडेल म्हणून सांगतो. आधी ट्रेमधलं तेल. काळं, चिकट, तळाशी लोखंडाचा भुगा असेल तर मशीन कोरडं चाललेलं आहे. मग पट्टा काढून हातचाक फिरवायचं. एका बोटानं, सगळा फेरा सारखा हलका फिरला पाहिजे. कुठं अडलं तर आत काहीतरी वाकलंय. मग सुईचा दांडा धरून बाजूला हलवायचा. खेळ लागला तर तो झिजला. मग हुक. हा भाग खालच्या बाजूला बॉबिनभोवती फिरतो आणि सुईनं आणलेल्या दोऱ्याचा फास पकडतो. एका टाक्याला हुकाचे दोन फेरे होतात. म्हणजे मिनिटाला चार हजार टाके, तर हुकाचे आठ हजार फेरे. त्याचं टोक केसासारखं अणकुचीदार लागतं. मिस्त्रींनी ते नखावर घासून पाहिलं. बोथट झालं की टाके सुटतात, आणि सुटलेला टाका ठेकेदाराला लगेच दिसतो. कापड पुढं सरकवणारे दाते बोटानं चाचपायचे. गुळगुळीत लागले तर बदलायचे.

एवढं झाल्यावर वीज. मशीन सुरू झालं, गोदामवाला म्हणाला, “आवाज ऐका, कसा रेशमासारखा!” मिस्त्री आमच्या दखनीत पुटपुटले, “आवाजपे नक्को जाओ, टाका देखो.” त्यांनी वरच्या छोट्या काचेच्या खिडकीकडे बोट केलं. मशीन पळताना तिथं तेल उडताना दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर पंप गेला. गोदामवाल्यानं दिलेली जाड पट्टी त्यांनी बाजूला ठेवली आणि सुनेला घरून आणायला सांगितलेलं पॉपलीन घातलं. गणवेशाचं पातळ कापड. सगळ्या शिवणीला चुण्या पडल्या. मशीन वाईट नव्हतं. जीन्सच्या कारखान्यातलं होतं. जाड कापडाच्या मशीनचे दाते मोठे, सुई जाते त्या पट्टीचं भोकही मोठं. पातळ कापड सुईबरोबर भोकात ओढलं जातं. शर्ट शिवणाऱ्या बाईनं स्वस्त मिळालं म्हणून जीन्सचं मशीन घेतलं, की पट्टी, दाते, हुक बदलण्यात ती बचत जाते. तिसरं मशीन पसंत पडलं. त्यावर चार पदरी कोपरा शिवून पाहिला, उलटा टाका घालून पाहिला, दोन्ही बाजूंनी टाका एकसारखा.

नाव पाहिलं नाही का, असं मी विचारलं. मिस्त्री हसले. नावाची पट्टी दोन स्क्रूवर बसते, म्हणाले. ८७०० च्या धर्तीवर इतक्यांनी मशीनं बनवली आहेत की प्रसिद्ध नावाची पट्टी कुठंही बसलेली सापडते. त्याचा एक फायदाही आहे: त्या घडणीचे सुटे भाग गल्लीत मिळतात. दुर्मीळ जर्मन मशीन मातीमोलानं मिळालं तरी घेऊ नये. त्याचा एक हुक मागवताना जीव जाईल.

मग मोटर. इथं माझे डोळे उघडले. कारखान्यातल्या जुन्या मशीनवर क्लच मोटर असते. बटण दाबलं की ती फिरतच राहते, तुम्ही शिवत असा वा नसा. पायपट्टी दाबली की फक्त जोडली जाते. अर्ध्या अश्वशक्तीची, म्हणजे पावणेचारशे वॉटच्या आसपासची. शिवणाऱ्या बाईची सुई दिवसभरात खरी चालते थोडाच वेळ. बाकी वेळ कापड जुळवण्यात, दोरा तोडण्यात, पीस बाजूला ठेवण्यात जातो. तेवढा वेळ मोटर गुणगुणत बसते आणि मीटर फिरतं. कारखानदाराच्या बिलात ते पचलं, हिच्या घरगुती बिलात पचणार नव्हतं. शिवाय ती मोटर निघाली तीन फेजवर चालणारी. घरात एकच फेज! अशी मोटर घरी नेऊन काय, पाटा-वरवंट्याशेजारी मांडून ठेवायची? मिस्त्रींनी ती काढायला लावली आणि त्याच पट्ट्यावर सर्व्हो मोटर बसवायची ठरवली. ती पाय दाबला तरच फिरते, वेगही आवरता येतो. नव्या हातांना तेच बरं. क्लचवर पाय ठेवला की मशीन उधळलेल्या घोड्यासारखं पळतं आणि बोट सुईखाली जातं.

सौदा कसा केला तेही ऐकण्यासारखं. मिस्त्रींनी ‘कमी करा’ म्हटलंच नाही. जुनी मोटर तुम्ही ठेवा, तिचे पैसे वजा. दाते बदलायचे, वजा. टेबलाची एक बाजू ओलीनं फुगलीय, कापड अडकणार, वजा. गोदामवाला नऊ हजारांवर आला. वर सर्व्होचा खर्च. सून बोटं मोजत होती. कॉलर लावायचे नगामागे किती मिळतात, त्यात दोरा, सुया, वीज जाऊन किती उरतं, किती महिन्यांत मशीन फिटतं. मे ते जुलै हंगाम, पुढं काम उतरतं. रिकाम्या महिन्यात मशीन उभं राहिलं तरी हप्ता उभा राहत नाही. तिनं बचतगटाचं कर्ज काढलं होतं. पूर्वी कारखान्यात या सगळ्याचा हिशेब मालक करायचा. मशीनबरोबर तो हिशेबही हिच्याकडे आला होता, तीन फेजच्या मोटरीसारखा, न मागता.

मशीनच्या टेबलाखाली पिवळ्या रंगात आकडे होते: ‘३/१७’. तिसरी लाइन, सतरावं मशीन. मी विचारलं कुठला कारखाना. गोदामवाल्यालाही ठाऊक नव्हतं. त्यानं लिलावातून घेतलेल्या माणसाकडून घेतलं होतं. तिथं सतराव्या मशीनवर कोण बसत होतं, ते तर कुणालाच ठाऊक नसणार. १९९० साली अमेरिकेत सॅन अँटोनिओ इथला लिवाइजचा कारखाना बंद होऊन काम कोस्टारिकाला गेलं, तेव्हा अकराशेच्या वर कामगारांची नोकरी गेली. त्यांतल्या बायकांनी ‘फुएर्झा उनिदा’ नावाची संघटना काढली, म्हणून त्यांचा इतिहास राहिला. आमच्याकडच्या बंद गाळ्यांचा इतिहास टेबलाखाली दोन आकड्यांत राहतो, आणि तोही रंग मारला की जातो.

आता हा बाजारही पालटतोय. मोटर मशीनच्या डोक्यातच बसवलेली, पट्टा नसलेली चिनी मशीनं स्वस्तात नवी मिळू लागली आहेत. ती वीज कमी खातात, आवाज करत नाहीत, दोराही आपोआप कापतात. जर्मनीची जुनी नावं, ड्युरकॉप आणि प्फाफ, तीही शांघायच्या एका कंपनीकडे गेली. क्लाइडबँकचा सिंगरचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला. तिथं ‘सिंगर’ नावाचं रेल्वे स्टेशन तेवढं आहे. मिस्त्रींचं मात्र नव्या मशीनबद्दल एक म्हणणं आहे. त्यात एक इलेक्ट्रॉनिक कार्ड असतं. ते गेलं की मिस्त्री आणि शिंपी दोघंही सारखेच हात बांधून उभे. हुक घासता येतो, दांडा बदलता येतो, कार्डापुढं काय करणार? त्यामुळं अशी मशीनं जुनी होऊन बाजारात येतील तेव्हा ती कोण घेणार, हा प्रश्न ते मला विचारतात. क्लार्कला हातोडा लागला होता, हे कार्ड ते काम आपोआप करेल, असं मला दिसतं.

त्या दिवशी टेम्पोत मशीन चढवताना गोदामवाला सुनेला म्हणाला, “बेटी, दोन-तीन वर्षांनी नवं घ्यावंसं वाटलं तर हे माझ्याकडेच आण. मी परत घेतो.” तिनं विचारलं, “कितीला?” तो मिस्त्रींकडे बघून हसायला लागला. मिस्त्री म्हणाले, “आत्ताच पावतीच्या मागे लिहून द्या.” त्यानं थोडा वेळ कान खाजवला, पेन मागितलं आणि साडेपाच हजार असं लिहून सही केली.